बटण बंद केलं तरी धग उरते

सप्टेंबर २०२४ मध्ये एक बातमी आली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माईल आयलंड नावाच्या बेटावर २०१९ पासून बंद पडून असलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करायची आणि तिची वीज मायक्रोसॉफ्टने २० वर्षं विकत घ्यायची, असा करार झाला. ज्यांना जुनं आठवतं त्यांना हे बेटाचं नाव वाचून धस्स झालं असेल. याच बेटावर, या भट्टीच्या शेजारच्या भट्टीत, २८ मार्च १९७९ ला इंधनाचा जवळपास निम्मा गाभा वितळला होता.

त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत २० हून अधिक देशांनी २०५० पर्यंत जगातली अणुवीज तिप्पट करायचा संकल्प सोडला. कारण उघड आहे. डेटा सेंटरांना चोवीस तास वीज हवी, आणि हवेत कार्बनही सोडायचा नाही. अणुभट्टी या दोन्ही अटींत बसते.

मग वाद सुरू होतो, आणि तो नेहमीच्या दोन टोकांना जाऊन बसतो. एका टोकाला बॉम्बची भीती, दुसऱ्या टोकाला ‘सगळ्यात स्वच्छ ऊर्जा’ ही पाटी. यातून सामान्य वाचकाच्या हाती काही लागत नाही. अणुऊर्जेचे तोटे नेमके कोणते आणि ते येतात कुठून, हे समजायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, आणि ती समजली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

## भट्टीत जळतं तरी काय?

खरं तर काहीच जळत नाही. युरेनियमचा अणू जड असतो. त्याच्यावर न्यूट्रॉन आदळला की तो दुभंगतो, उष्णता देतो आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर फेकतो. ते पुढच्या अणूंना फोडतात. ही साखळी ताब्यात ठेवून चालवली की अणुभट्टी झाली. पुढचं काम जुनंच आहे: उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, टर्बाइनने वीज काढायची. कोळशाच्या केंद्रात चूल वेगळी असते, बाकी मांडणी बहुतांशी तीच.

इंधन म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या. त्या झिर्कोनियम या धातूच्या मिश्रणापासून केलेल्या सुमारे चार मीटर लांब, बारीक नळ्यांत एकावर एक रचतात. नळीची भिंत एक मिलिमीटरही जाड नसते. हजार मेगावॉटच्या भट्टीत अशा चाळीस-पन्नास हजार नळ्या पाण्यात उभ्या असतात. अणूचे जे तुकडे होतात ते याच नळ्यांत अडकून राहतात. सगळी गोम त्या तुकड्यांत आहे.

## चूल विझते, निखारे विझत नाहीत

गॅसची शेगडी बंद केली की ज्योत गेली आणि उष्णताही थांबली. लाकडाच्या चुलीचं तसं नसतं. लाकडं बाहेर ओढली तरी निखारे उरतात आणि त्यांची धग बराच वेळ लागत राहते.

अणुभट्टी चुलीच्या जातीची आहे. न्यूट्रॉन शोषून घेणारे नियंत्रक दांडे आत सोडले की काही सेकंदांत साखळी थांबते. भट्टी ‘बंद’ होते. पण फुटलेल्या अणूंचे तुकडे अस्थिर असतात. ते स्थिर होईपर्यंत किरणं फेकत राहतात, म्हणजेच किरणोत्सार करत राहतात, आणि त्यातून उष्णता निघत राहते. या उष्णतेला शास्त्रात क्षयउष्णता म्हणतात. या लेखात मी तिला धगच म्हणणार आहे, कारण तो शब्द तिला अगदी चपखल बसतो.

फरक एवढाच की चुलीचे निखारे पाणी ओतून विझवता येतात. ही धग विझवता येत नाही. पाणी तिला फक्त वाहून नेतं. ती तिच्या गतीने कमी होते आणि ती गती बदलेल असं बटण कोणाकडेही नाही.

आकडे पाहू. हजार मेगावॉट वीज देणारी भट्टी सुमारे ३,००० मेगावॉट उष्णता तयार करते. ती बंद केल्याच्या क्षणी धग असते सुमारे सहा-सात टक्के, म्हणजे जवळपास २०० मेगावॉट. तासाभराने ती दीड टक्क्यावर येते. दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

अर्धा टक्का म्हणजे किरकोळ, असं वाटतं. पण ३,००० मेगावॉटचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. घरातला गीझर दोन किलोवॉटचा धरला तर हे साडेसात हजार गीझर झाले, एका पातेल्यात घातलेले, अखंड चालू. एवढी उष्णता तासाला सुमारे २१,००० लिटर पाण्याची वाफ करते. म्हणजे बंद केलेल्या भट्टीला, बंद केल्यावर चोवीस तासांनी, दहा हजार लिटरचे दोन टँकर दर तासाला लागतात. पाणी थांबलं की नळ्या तापतात. बाराशे अंशांच्या आसपास झिर्कोनियम आणि वाफ यांची झपाट्याने रासायनिक क्रिया होते आणि हायड्रोजन सुटतो. हायड्रोजनचा स्फोट होतो. नळ्या फुटून आतला माल बाहेर पडतो. शेवटी इंधनही वितळतं.

## ‘म्हणजे ती अणुबॉम्बसारखी फुटू शकते?’

नाही. बॉम्बसाठी युरेनियम-२३५ चं, म्हणजे युरेनियमच्या सहज दुभंगणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात लागतं, वीजभट्टीच्या इंधनात ते बहुधा तीन ते पाच टक्के असतं. तसा स्फोट इथे होऊच शकत नाही. तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे जो स्फोट झाला, तो सदोष रचनेची भट्टी हाताबाहेर जाऊन वाफेच्या प्रचंड दाबाने झाला. बॉम्बची भीती मनातून काढूनच टाकावी, म्हणजे खऱ्या धोक्याकडे बघायला जागा होते.

## एका विझलेल्या दिव्याची गोष्ट

आता थ्री माईल आयलंडवर परत जाऊ. हा अपघात जितका जवळून पाहावा तितका अस्वस्थ करतो, कारण त्यात कोणी खलनायक सापडत नाही.

पहाटेचे चार. भट्टीला पाणी पुरवणाऱ्या एका यंत्रणेचे पंप थांबले. भट्टी आपोआप बंद झाली, जशी व्हायला हवी होती. आतला दाब वाढला म्हणून तो सोडणारी झडप उघडली. कुकरची शिट्टी वर उचलली जाते तसंच. दाब उतरल्यावर काही सेकंदांत ती झडप परत बसायला हवी होती. ती अडकली, उघडीच राहिली, आणि भट्टीतलं पाणी तिच्यातून निसटू लागलं.

नियंत्रण कक्षात त्या झडपेसाठी एक दिवा होता. तो विझला. कर्मचाऱ्यांनी अर्थ लावला की झडप बंद झाली. पण त्या दिव्याची जोडणी अशी होती की ‘बंद हो’ हा हुकूम गेला एवढंच तो सांगत असे. हुकूम पाळला गेला की नाही, हे तो सांगत नव्हता.

शंभरावर धोक्याच्या सूचना एकदम वाजत-लुकलुकत होत्या. सूचना छापणारं यंत्र इतकं मागे पडलं की कागदावर येणारी माहिती शिळी होऊ लागली. एका मापकावर पाणी वाढताना दिसत होतं, म्हणून भट्टी जास्त भरेल या भीतीने कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा स्वतःच्या हाताने कमी केला. झडपेच्या पुढच्या नळीचं तापमान चढलेलं होतं, पण ती झडप आधीपासूनच थोडी गळायची, त्यामुळे त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. ६ वाजून २२ मिनिटांनी त्या वाटेवरची दुसरी झडप बंद करण्यात आली. तोवर उशीर झाला होता.

बाहेर पडलेला किरणोत्सार थोडा होता, कारण भट्टीभोवतीच्या जाड काँक्रीटच्या घुमटाने आपलं काम चोख केलं. हे श्रेय द्यायलाच हवं. पण आसपासचे सुमारे १,४०,००० लोक घरदार सोडून निघाले आणि साफसफाई १९९३ पर्यंत चालली. भट्टी बंदच होती, हे लक्षात घ्या. जे काही बिघडलं ते धगेमुळे.

## फुकुशिमा: भूकंप सोसला, पाणी नाही सोसलं

११ मार्च २०११, दुपारी २.४६. जपानच्या किनाऱ्याजवळ ९ तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइची केंद्रातल्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बाहेरून येणारी वीज गेली, तर डिझेल जनरेटर सुरू झाले. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मग सुमारे ५० मिनिटांनी सुनामीची मोठी लाट आली, १४-१५ मीटर उंचीची. केंद्राची आखणी सहा मीटरपेक्षाही कमी उंचीची लाट धरून केलेली. बहुतेक जनरेटर इमारतींच्या तळघरांत होते. ते बुडाले.

नियंत्रण कक्षात अंधार. भट्टीत किती पाणी उरलंय हे दाखवणारे मापकही मेले. कर्मचाऱ्यांनी आवारातल्या मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि टॉर्चच्या उजेडात मापकांना वीज दिली. जगातल्या सर्वांत प्रगत तंत्रज्ञानांपैकी एक, आणि त्याचा जीव मोटारींच्या बॅटऱ्यांवर टांगलेला. मला त्या माणसांच्या जिद्दीपुढे हात जोडावेसे वाटतात, आणि त्यांच्यावर ही वेळ आणणाऱ्या आखणीचा रागही येतो. तिन्ही भट्ट्यांचे गाभे वितळले. १२, १४ आणि १५ मार्चला हायड्रोजनच्या स्फोटांनी इमारतींची छपरं उडाली.

दीड लाखाहून अधिक लोक हलवले गेले. किरणोत्सारामुळे सर्वसामान्य जनतेत आजार वाढल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला आढळलेलं नाही. मात्र फुकुशिमा प्रांतात आपत्तीनंतरच्या हालांमुळे, म्हणजे घाईची हलवाहलव, तुटलेले उपचार, छावण्यांतलं जगणं यामुळे, २,३०० हून अधिक मृत्यू सरकारदरबारी नोंदले गेले आहेत. त्यांत बहुसंख्य म्हातारी माणसं. किरणांनी मारलं नाही म्हणून हे मृत्यू अणुऊर्जेच्या खात्यावर धरायचे नाहीत, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. अपघाताने ज्याला घराबाहेर काढलं, त्याच्या मरणाचा हिशेब अपघाताकडेच लागतो.

आणि ती जागा? वितळलेलं इंधन आणि त्यात मिसळलेला धातू-काँक्रीटचा मलबा सुमारे ८८० टन असल्याचा अंदाज आहे. त्याचा पहिला नमुना यंत्राच्या लांब हाताने बाहेर निघाला नोव्हेंबर २०२४ मध्ये. वजन एका ग्रॅमपेक्षा कमी.

## किरणोत्सार शरीराचं काय करतो?

थोडा किरणोत्सार आपल्या भोवती कायम असतो. खडकांतून, आकाशातून, आपल्याच शरीरातल्या पोटॅशियममधून. त्यामुळे ‘किरणोत्सार’ या शब्दानेच घाबरायचं कारण नाही. प्रश्न मात्रेचा असतो, आणि त्याहून जास्त प्रश्न असतो की तो शरीराच्या बाहेर आहे की आत.

भट्टीतून निसटणारे काही पदार्थ शरीराला फसवतात. आयोडीन-१३१ हा नेहमीच्या आयोडीनसारखाच दिसतो, म्हणून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी तो साठवून ठेवते. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखा, म्हणून हाडांत जातो. सीझियम-१३७ पोटॅशियमसारखा, म्हणून स्नायूंत पसरतो.

इथे एक शब्द लागेल: अर्धायुष्य. किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. आयोडीन-१३१ चं आठ दिवस, सीझियम-१३७ चं सुमारे ३० वर्षं, प्लुटोनियम-२३९ चं सुमारे २४,००० वर्षं. हजारावा हिस्सा उरायला अशी दहा अर्धायुष्यं जावी लागतात.

चेर्नोबिलनंतर आयोडीन गवतावर पडलं, गवत गाईंनी खाल्लं, दूध मुलांनी प्यायलं. पुढच्या दोन दशकांत बेलारूस, युक्रेन आणि रशियात त्या वेळी लहान असलेल्या हजारो जणांना थायरॉइडचा कर्करोग झाला. बहुतेक जण उपचारांनी वाचले. पण आठवडे-महिने त्या भागातलं दूध मुलांना दिलं नसतं आणि लोकांना वेळेवर सांगितलं असतं, तर यातलं पुष्कळ टळलं असतं. प्रिप्यात या जवळच्या शहरातले सुमारे ४९,००० लोक हलवायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली.

जगाला तर ही बातमी सरकारने सांगण्याआधी एका बुटाने सांगितली. २८ एप्रिलला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रातल्या तपासणीत एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे धोक्याची घंटा वाजली. आधी वाटलं, गळती आपल्याच केंद्रात आहे. शोध घेतल्यावर कळलं की बुटाला लागलेली धूळ हजारभर किलोमीटरवरून वाऱ्या-पावसाबरोबर आली होती. ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरांत सीझियममुळे मेंढ्यांच्या विक्रीवर आलेले निर्बंध पूर्णपणे उठले ते २०१२ मध्ये. वीज एका देशाने वापरली, आणि त्या विजेचा एक पैसाही न मिळालेला मेंढपाळ २६ वर्षं मेंढ्या तपासून घेत राहिला.

## ‘पण कोळशाने तर याहून कितीतरी जास्त माणसं मरतात!’

हो, मरतात. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. कोळशाच्या धुराने दरवर्षी अकाली मरणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. तेवढ्याच विजेमागे होणारे मृत्यू मोजले तर अणुऊर्जा कोळशापेक्षा शेकडो पटींनी सुरक्षित ठरते, वारा आणि सूर्याच्या रांगेत बसते. कार्बनच्या हिशेबातही तसंच: एका युनिट विजेमागे कोळसा साधारण ८०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडतो, अणुवीज खाणीपासून सगळं धरून सुमारे १२ ग्रॅम.

मग तोटे कशासाठी मांडायचे? कारण मृत्यूंच्या आकड्यात सगळं मावत नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं गाव एका दिवसात रिकामं होणं त्यात येत नाही. शंभर वर्षं चालणारी साफसफाई येत नाही. दहा हजार वर्षांनी त्या जमिनीत खणणारा माणूसही येत नाही. आणि कोळसा वाईट आहे यावरून अणुभट्टीला तपासणीतून सूट मिळत नाही. कोळशाला पर्याय एकटी अणुऊर्जाच आहे असंही नाही.

## ‘कचरा तर इतका थोडा असतो…’

हेही खरं. हजार मेगावॉटची भट्टी वर्षाला साधारण २०-३० टन वापरलेलं इंधन बाहेर काढते. कोळशाच्या केंद्रातून तेवढ्यात लाखो टन राख निघते. पण अणुकचऱ्याचं आकारमान मोजणं म्हणजे विषाची बाटली केवढी आहे ते बघणं.

इथेही मुद्दा धगेचाच. भट्टीतून काढलेलं इंधन इतकं तापलेलं आणि किरणोत्सारी असतं की आधी काही वर्षं ते खोल टाकीत, कित्येक मीटर पाण्याखाली ठेवावं लागतं. मग पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत. मग कुठे? अणुवीज सुरू होऊन सात दशकं झाली तरी बहुतेक देशांकडे या प्रश्नाचं उत्तर नाही. अमेरिकेने १९८७ मध्ये नेवाडातला युका डोंगर ठरवला, खर्च केला, आणि विरोधानंतर काम सोडून दिलं. त्या देशात ९०,००० टनांच्या आसपास वापरलेलं इंधन आज केंद्रांच्या आवारांतच थांबलेलं आहे.

फिनलंडने मात्र काम केलं आहे. ओन्कालो या जागी, सुमारे १९० कोटी वर्षं जुन्या खडकात, चारशे मीटरहून खोल बोगदे खोदले. तांब्याच्या डब्यांत इंधन, भोवती फुगणारी माती, वरून कायमचं बंद. मला हा प्रामाणिक प्रयत्न वाटतो. पण त्यातही जी मुदत गृहीत धरलीय ती बघा: एक लाख वर्षं. इजिप्तचे पिरॅमिड साडेचार हजार वर्षांचे आहेत.

आणि माणसाच्या हातून काय चुका होऊ शकतात? न्यू मेक्सिकोमध्ये मिठाच्या थरांत ६५० मीटर खोल एक साठा आहे. अण्वस्त्रांच्या कामातला कचरा तिथे पुरतात, वीजकेंद्रांतला नव्हे, पण शिकण्यासारखं खूप आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथलं एक पिंप आतून तापून फुटलं आणि किरणोत्सार बाहेर आला. कारण निघालं ते असं: पिंपातला ओलावा शोषायला मांजरांच्या शौचपेटीत घालतात ती भुकटी वापरायची पद्धत होती. ती खनिज मातीची असायला हवी होती. कचरा भरताना गव्हापासून केलेली वापरली गेली. तिची आतल्या नायट्रेट क्षारांशी क्रिया झाली. हजारो वर्षं टिकायला बांधलेली जागा १५ वर्षांत, चुकीच्या भुकटीपायी, जवळपास तीन वर्षं बंद पडली.

जर्मनीत आस्से नावाच्या मिठाच्या जुन्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात सुमारे १,२६,००० पिंपं टाकली. खाणीत पाणी झिरपू लागलं. २०१३ मध्ये कायदा करून ठरवलं की सगळी पिंपं परत वर काढायची. ते काढणं अजून सुरू व्हायचंय.

‘इंधनावर पुनर्प्रक्रिया करा की!’ असंही सुचवलं जातं. त्याने प्लुटोनियम वेगळं काढता येतं. पण धग देणारे तुकडे तसेच उरतात. ते काचेत ओतून पुन्हा पुरावेच लागतात. थोरियमचं इंधन वापरलं तरी अणू फुटून सीझियम-स्ट्रॉन्शियम तयार होणारच.

## खाणीची गोष्ट कोणी सांगत नाही

माझ्या मते अणुऊर्जेचा सगळ्यात दुर्लक्षित तोटा भट्टीच्या कुंपणाबाहेर, फार दूर आहे. हजार मेगावॉटच्या भट्टीला वर्षाला सुमारे २०० टन नैसर्गिक युरेनियम लागतं. खनिजात युरेनियम दर हजार किलोला एक किलो असेल तर त्यासाठी दोन लाख टन दगड दळावा लागतो. युरेनियम निघून जातं, मागे बारीक गाळ उरतो. मूळ खनिजातल्या किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के त्या गाळातच राहतो, कारण रेडियम आणि थोरियम तिथेच राहतात. त्यातून रेडॉन वायू सुटत राहतो.

१६ जुलै १९७९. थ्री माईल आयलंडला चार महिनेही झाले नव्हते. न्यू मेक्सिकोमधल्या चर्च रॉक इथे अशा गाळाच्या तळ्याचा बांध फुटला. सुमारे ३५ कोटी लिटर आम्लधर्मी, किरणोत्सारी पाणी आणि हजार टनांवर गाळ पुएर्को नदीत गेला. नदीकाठी नावाहो आदिवासी मेंढ्या राखत होते, ते तिचंच पाणी जनावरांना पाजत. थ्री माईल आयलंडचं नाव जगभर झालं, चर्च रॉकचं किती जणांनी ऐकलंय?

नावाहोंच्या जमिनीवर सोडून दिलेल्या पाचशेहून अधिक युरेनियम खाणी आहेत. रेडॉन हुंगत तिथे काम केलेल्या माणसांना फुप्फुसाचे कर्करोग झाले. भरपाईचा कायदा व्हायला १९९० उजाडलं. त्यातलं बरंचसं युरेनियम बॉम्बसाठी गेलं, हे मान्य. पण खडक आणि फुप्फुसं यांना ते कशासाठी जाणार हे कळत नाही.

## नदीला ताप, समुद्रात जेलीफिश

भट्टीच्या उष्णतेपैकी फक्त एक-तृतीयांश वीज होते. उरलेली दोन-तृतीयांश नदीत, समुद्रात किंवा हवेत सोडावी लागते. कोळशाची केंद्रंही हेच करतात, पण अणुकेंद्रात प्रमाण थोडं जास्त असतं. उन्हाळ्यात नदी आधीच तापलेली असते, त्यात हे पाणी सोडलं तर मासे मरतात. म्हणून फ्रान्सला २००३ आणि २०२२ च्या उष्णतेच्या लाटांत काही भट्ट्यांची वीज कमी करावी लागली, नेमकी विजेची गरज असताना. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्याच ग्रावलीन केंद्रात पाणी खेचणाऱ्या गाळण्यांत जेलीफिशचे थवे अडकले आणि चार भट्ट्या आपोआप बंद झाल्या. अपघात काही झाला नाही. पण जग तापत जाईल तसा पाण्यावर अवलंबून असलेला हा उपाय स्वतःच त्या तापाच्या तावडीत सापडतो, हे नोंदवून ठेवायला हवं.

## ‘नव्या भट्ट्या तशा नसतात’

बऱ्याच अंशी बरोबर. नव्या काही रचनांत पाण्याची टाकी भट्टीच्या डोक्यावर असते. वीज गेली तरी गुरुत्वाकर्षणाने पाणी खाली येत राहतं, पंपांची गरज नाही. एपी१००० ही रचना वीज आणि माणसाचा हात दोन्ही नसताना ७२ तास तग धरेल अशी केलेली आहे. ही मोठी सुधारणा आहे. छोट्या भट्ट्यांत धगही छोटी, म्हणून त्या थंड ठेवणं सोपं.

पण ७२ तासांनी टाकी भरावीच लागते. दुसरं म्हणजे आज जगात चालू असलेल्या भट्ट्यांचं सरासरी वय तीस वर्षांच्या वर आहे. नव्या रचनेचं कौतुक करताना चालवत असतो जुनीच. आणि नव्या बांधायला वेळ किती? फिनलंडच्या ओल्किलुओतो-३ चं काम २००५ मध्ये सुरू झालं, २००९ ला वीज देणार होती, नियमित वीज २०२३ मध्ये मिळाली. फ्रान्सच्या फ्लामानव्हील-३ चं काम २००७ मध्ये सुरू झालं, ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजवाहिन्यांच्या जाळ्याला जोडली गेली. हवामानाच्या लढाईत ही सतरा-अठरा वर्षंसुद्धा पर्यावरणाचा तोटाच आहेत, कारण तोवर कोळसा जळत राहतो.

## वीज देणं थांबलं, पाणी मागणं थांबलं नाही

युक्रेनमधलं झापोरिझ्झिया हे युरोपातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र. सहा भट्ट्या. मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने ते ताब्यात घेतलं, आणि चालू अणुकेंद्र युद्धाच्या आघाडीवर सापडण्याची वेळ जगात पहिल्यांदाच आली. सप्टेंबर २०२२ पासून तिथून बाहेर वीज जात नाही. भट्ट्या बंद आहेत.

६ जून २०२३ ला काखोव्का धरण फुटलं आणि केंद्राला पाणी पुरवणारा जलाशय आटला. तेव्हा आवारात ११ विहिरी खणाव्या लागल्या. वापरलेलं इंधन पाण्याखाली ठेवायचं आणि भट्ट्या गार ठेवायच्या, तर पाणी हवं, पंप हवेत, पंपांना वीज हवी. गोळीबारात बाहेरच्या वीजवाहिन्या पुन्हा पुन्हा तुटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची वाहिनीही गेली आणि सुमारे महिनाभर केंद्र डिझेल जनरेटरांवर राहिलं. धग एव्हाना बरीच उतरली आहे, त्यामुळे आता काही बिघडलं तर हाताशी तासांऐवजी दिवस मिळतील. तरी त्या महिनाभरात जनरेटरांसाठी डिझेल आत पोचवावं लागत होतं, दोन्ही बाजूंच्या तोफांमधून, तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या भट्ट्यांसाठी.